मागचे घाईला आले की: बडोद्यातल्या एका रविवारचं प्रकरण

गोल्फ कोर्सवर, पाचव्या होलच्या फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यावर, चौऱ्याहत्तर वर्षांचे एक खेळाडू आपल्या बॉलपाशी उभे होते. त्यांच्यापासून दहा पावलांवर मागच्या गटाचा बॉल टप्पा घेऊन आदळला आणि त्यांच्या बुटाजवळून पुढे गेला. कुणाला लागलं नाही. मागून कुणी ओरडलंही नाही. पुढच्या टीवर, म्हणजे होलचा पहिला शॉट मारायच्या जागी, दोन्ही गट समोरासमोर आले, आवाज चढले, आणि दुपारच्या जेवणापर्यंत क्लबात दोन तट पडले होते. एक म्हणत होता, पुढचे रेंगाळत होते. दुसरा म्हणत होता, मागच्यांना माणसाच्या जिवाची किंमत नाही.

हे डिसेंबरातल्या एका रविवारी बडोद्याजवळच्या एका कोर्सवर घडलं. क्लबाचं किंवा माणसांचं नाव मी देत नाही. गर्दीच्या दिवशी मी स्टार्टरच्या, म्हणजे गटांना वेळेनुसार सोडणाऱ्याच्या, टेबलाशी मदतीला बसते, त्यामुळे कोण कधी सुटलं याची वही माझ्यासमोर होती. नंतर दोन्ही गटांतल्या सगळ्यांशी बोलले, त्यांच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडींशीही बोलले. प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण त्या दिवशी दोन अगदी वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आणि त्यातूनच भांडण पेटलं. पहिला प्रश्न: साइड, म्हणजे मागच्यांना पुढे जायला वाट, कुणी, कधी द्यायची? दुसरा: बॉल कधी मारायचा? पहिल्याचं उत्तर परिस्थितीनुसार बदलतं. दुसऱ्याचं कधीच बदलत नाही.

तो रविवार

बडोद्यात डिसेंबर-जानेवारी म्हणजे परदेशातून आलेल्या मंडळींचा आणि लग्नांचा हंगाम. सकाळी हवा थंड, मैदान कोरडं, गवत बसकं, बॉल भरपूर पळतो. सगळ्यांना खेळायचं असतं आणि तेही दहाच्या आत, कारण नंतर कुणाचं लग्न, कुणाचं जेवण, कुणाची गाडी.

कोर्स नऊ होलचा आहे. अठरा खेळायचे म्हणजे दोन फेऱ्या. पहिली फेरी संपवून आलेले गट पुन्हा पहिल्या टीवर येतात आणि तिथे नव्यानं सुटणाऱ्यांत त्यांना घुसवावं लागतं. रविवारी हीच पहिली गाठ बसते.

दुसरी गाठ सहाव्या होलवर. तो पार थ्री आहे, म्हणजे तीन शॉटांत संपायला हवा असा छोटा होल (पार फोर चारचा, पार फाइव्ह पाचचा), आणि पार थ्रीचा स्वभाव समजल्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही. पार फोरवर पुढचा गट दुसरा शॉट मारून ग्रीनकडे, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताकडे, निघाला की मागच्याला टीवरून मारता येतं. एका होलवर एकाच वेळी दोन गट मावतात. पार थ्रीवर तसं होत नाही. पुढचे चौघे टीवरून मारतात, चालत जातात, चिप करतात (जवळून छोटा शॉट), पट करतात (बॉल खड्ड्याकडे घरंगळवतात), झेंडा लावून बाजूला होतात, तोवर मागच्यांनी नुसतं उभं राहायचं. चौघांना याला सहज अकरा मिनिटं लागतात, आणि ते चौघे आळशी असतात असंही नाही.

त्या दिवशी आम्ही आठ-आठ मिनिटांनी गट सोडत होतो. दर आठ मिनिटांनी एक गट आत, आणि सहाव्या होलमधून दर अकरा मिनिटांनी एक गट बाहेर. म्हणजे दर गटामागे तीन मिनिटं साचत जाणार. पहिला गट थांबत नाही, दुसरा तीन मिनिटं थांबतो, आठव्याच्या वाट्याला एकवीस मिनिटं येतात. त्या आठव्या गटातल्या माणसाला हा हिशेब कुणी सांगितलेला नसतो. त्याला समोरच्या चौघांच्या पाठी दिसतात आणि राग त्या पाठींवर निघतो. या प्रकरणातल्या रागाचा निम्मा भाग पहिल्या टीवरच्या वहीत लिहिला गेला होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन गट

पुढच्या गटात चौघं. वयानं मोठे ते आप्पा, विद्यापीठातून निवृत्त झालेले. तरुणपणी क्लब क्रिकेट खेळलेले. त्यांचा भाचा, पन्नाशीचा, लांब मारणारा. भाच्याचा मित्र. आणि भाच्याची मुलगी, कॉलेजात शिकणारी, खेळाला नवीन. चौघांचेही कॅडी होते.

मागच्या गटातही चौघं, सगळे तिशी-चाळिशीतले. त्यातला एक इथलाच मराठी, दांडिया बाजारातल्या जुन्या घरातला. त्याला यजमान म्हणू. बाकीच्यांत दोघे परदेशातून सुट्टीवर आलेले त्याचे गुजराती मित्र, चौथा त्यांचा नातेवाईक. चौघांना साडेबाराला लग्नाच्या जेवणाला पोचायचं होतं. पाहुण्यांना खेळायला आणलंय आणि ते ताटकळत उभे आहेत, याचा ताण यजमानावर सगळ्यांत जास्त होता. घाई करणारा माणूस उद्धटच असतो असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा त्याच्या मागे असलंच काहीतरी असतं: वेळ, पाहुणे, घरी दिलेला शब्द.

तिसरा होल

पहिले दोन होल ठीक गेले. तिसऱ्यावर भाच्याच्या मित्राचा बॉल उजवीकडे गांडो बावळच्या झुडपांत गेला. ज्यांनी गुजरातेत खेळलंय त्यांना ते काटे माहीत आहेत. त्यात हात घालायची सोय नाही. मित्रानं प्रोव्हिजनल बॉल, म्हणजे पहिला सापडला नाही तर म्हणून आधीच मारून ठेवायचा दुसरा बॉल, मारला नव्हता. चौघं आणि चार कॅडी काठ्यांनी झुडपं हलवत राहिले.

२०१९ पासून बॉल शोधायला तीन मिनिटं मिळतात. त्याआधी पाच मिळत. तीन मिनिटांत सापडला नाही तर बॉल हरवला, आणि एका शॉटचा दंड घेऊन जिथून मारला होता तिथूनच पुन्हा मारायचा. इथे शोधाशोध सहा-सात मिनिटं चालली, असं दोन कॅडींनी वेगवेगळं विचारूनही सारखंच सांगितलं. मग मित्र उलटा चालत टीवर गेला. टीवर मागचे चौघे उभेच होते. ते बाजूला झाले. त्यानं बॉलखालची टीची खुंटी रोवली, दोनदा हवेत बॅट फिरवावी तशी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवून पाहिली, मारला आणि पुन्हा चालू लागला.

ही दोन मिनिटं मी सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतली, कारण प्रकरण तिथेच मिटलं असतं. पाच माणसं हाताच्या अंतरावर उभी होती. मागच्यांतला एक म्हणतो, मी हळूच विचारलं होतं, ‘अमे नीकळी जईए?’ (आम्ही पुढे निघू का?) मित्र म्हणतो, मला ऐकूच आलं नाही. दोघांवरही माझा विश्वास आहे. रागावलेला माणूस पुटपुटतो, आणि बॉल हरवलेल्या माणसाच्या कानात काही शिरत नाही.

साइड द्यायची वेळ हीच होती. जुन्या नियमपुस्तकात खेळाआधी शिष्टाचाराचं प्रकरण असे. त्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या होत्या. बॉल सहज सापडणार नाही असं दिसताच मागच्यांना खूण करून पुढे जाऊ द्यावं. शोधायची मुदत संपेपर्यंत थांबू नये. आणि ज्या गटाच्या पुढे एक अख्खा होल रिकामा पडला आहे आणि ज्याच्यामुळे मागचे खोळंबलेत, त्यानं मागच्यांना पुढे बोलवावं, मग मागे दोघं असोत की चौघं. २०१९ च्या फेररचनेत ते प्रकरण गेलं, पण त्याचा गाभा पहिल्या नियमातच आला: इतरांचा विचार ठेवून, विनाविलंब आणि इतरांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देऊन खेळणं. व्यवहारात सगळे अजून ती जुनी दोन वाक्यंच पाळतात, आणि पाळावीत.

मित्र परत पोचेपर्यंत चौथा होल टीपासून ग्रीनपर्यंत ओस पडला होता. म्हणजे देणं लागत होतं, यात वाद नाही. आप्पांच्या कॅडीला ते दिसलं होतं. ‘बोलला का नाहीस?’ असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “साहेबांना कसं सांगणार? ते खेळायला आलेत.” या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे.

चौथा आणि पाचवा

चौथ्या होलवर पुढच्या गटानं अंतर भरून काढलं. यातलं श्रेय त्या मुलीचं. तिचे शॉट वाढत चालले तशी ती स्वतःच म्हणाली, “बाबा, माझा राहू द्या, मी उचलते.” बॉल उचलून ती थेट पुढच्या टीकडे चालत गेली. बाकीचेही ‘तुमचा मान आधी’ वगैरे न करता, जो तयार तो मारत गेले. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण शॉट मोजायच्या खेळात, असं तयार असलेल्यानं आधी मारायला नियमांची पूर्ण मुभा आहे. एका शॉटला चाळीस सेकंदांहून जास्त लागू नयेत, अशीही शिफारस आहे. पाचव्याच्या टीवर पोचले तेव्हा त्यांच्या पुढचा गट पाचव्यावरच होता. रिकामा होल उरला नव्हता. तिसऱ्यावर झालेली उधारी पाचव्यावर शिल्लक नव्हती; निदान कोर्सच्या दृष्टीनं नव्हती.

मागच्यांना हे कळायला मार्ग नव्हता. पाचवा होल पार फाइव्ह, आणि मधे कडुनिंबांच्या राईला वळसा घालून डावीकडे वळतो. टीवरून ग्रीन दिसत नाही. पुढच्या ग्रीनवर तिसराच गट निवांत पट करतोय, कारण सहाव्याच्या टीवर चौथा गट उभा आहे, यातलं काहीही टीवरच्या माणसाला दिसत नव्हतं. त्याला दिसत होता तो भाचा: फेअरवेच्या मधोमध, क्लब खांद्यावर टाकून, काहीही न करता उभा. तो ग्रीन मोकळं होण्याची वाट पाहत होता. मागून ते रेंगाळणं वाटलं. गर्दीच्या कोर्सवर मागच्याला एकच गट दिसतो; त्याच्यापुढे काय चाललंय ते दिसत नाही.

भाच्यानं त्या वेळी मागे वळून हात वर केला असता, पुढे बोट दाखवलं असतं, तर बहुतेक काम झालं असतं. मी खूपदा पाहिलंय: ‘पुढे भरलंय, आम्हीही थांबलोय’ एवढी खूण मिळाली की मागचे लोक क्लब बॅगेत टाकतात, पाणी पितात. माणसाला थांबण्याचा त्रास कमी होतो. आपल्याला कुणी मोजतच नाही, याचा जास्त होतो.

मागे टीवर यजमानानं ड्रायव्हर, सगळ्यांत लांब मारायचा क्लब, काढला. त्याच्या कॅडीनं हात आडवा केला: “साहेब, रुको, सामने लोग हैं.” यजमान म्हणाला, “नहीं पहुँचेगा.” आणि मारला.

आप्पांचा दुसरा शॉट नीट लागला नव्हता, त्यामुळे ते टीपासून सव्वादोनशे मीटरच्या थोडे अलीकडेच होते. यजमानाचा बॉल एरवी दोनशेच्या आसपास थांबतो. पण वारा पाठीमागून होता, जमीन कोरडी होती, आणि शॉट त्याच्या आयुष्यातल्या चांगल्या शॉटांपैकी एक होता. आप्पांचा कॅडी ओरडला, “बॉल! बॉल!” आप्पांनी वळून वर पाहिलं.

यावर जरा थांबते. विजय हजारेंपासून हार्दिक पंड्यापर्यंत बडोदं क्रिकेटचं गाव आहे, आणि इथल्या माणसाला ‘बॉल’ ऐकलं की वर बघायची सवय हाडात भिनलेली असते. मैदानात ती बरोबर, इथे जिवावर बेतणारी. गोल्फचा बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, क्रिकेटच्या बॉलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलका, पण छोटा, टणक आणि प्रचंड वेगात. ‘फोर’, म्हणजे बॉल येतोय, सावध, अशी गोल्फमधली आरोळी ऐकू आली की बघायचं नाही. आवाजाकडे पाठ करायची, वाकायचं, दोन्ही हातांनी डोकं झाकायचं. नवशिक्यांना पकड शिकवायच्या आधी आपण हे शिकवायला हवं, आणि जुन्या क्रिकेटपटूंना तर दोनदा.

बॉल दहा पावलांवर पडला, गवतात टिचभर खळगा पाडून उसळला आणि आप्पांच्या डाव्या बुटाला जेमतेम चुकवून वीसेक पावलं पुढे जाऊन थांबला. त्यावर स्केचपेननं काढलेले तीन हिरवे ठिपके होते. भाच्यानं तो उचलला आणि खिशात टाकला.

हे खिशात टाकणं सगळ्यांना फार शूरपणाचं वाटलं. प्रत्यक्षात काय झालं? मागचे येऊन आपला बॉल शोधत बसले. तीन मिनिटं गेली, त्यांच्या मागचा गट टीवर आला, रांग आणखी लांबली. शिवाय शिक्षा म्हणून पाहिलं तर तीही पोकळ: बाहेरच्या माणसानं बॉल उचलला हे नक्की कळलं, तर नियम मालकाला दंडाशिवाय दुसरा बॉल त्याच जागी ठेवू देतो. इतकं सगळं होऊन भाच्याचा मित्र म्हणाला, “आता मुद्दाम सावकाश खेळू. कळू दे त्यांना.” आप्पांनी त्याला गप्प केलं, हे फार बरं झालं. मुद्दाम सावकाश खेळल्याची झळ ज्यानं बॉल मारला त्याला जेवढी लागते, तेवढीच त्याच्या मागच्या पाच गटांतल्या वीस माणसांना लागते, आणि त्यांनी काही केलेलं नसतं.

सहाव्याच्या टीवर

सहाव्याच्या टीवर पुढचा गट अजून उभा होता. आप्पांचे चौघे तिथे पोचले. थोड्या वेळानं मागचे चौघेही. बारा खेळाडू आणि त्यांचे कॅडी एका निंबाखाली.

भाच्यानं खिशातून बॉल काढून सगळ्यांसमोर धरला. “हा कुणाचा? माझ्या मामाच्या डोक्यात घालायचा होता का?”

यजमान पुढे आला. “माझा आहे. सॉरी आप्पा. पण तुम्ही तिसऱ्यापासून आम्हाला अडवून धरलंय. आम्ही करायचं काय?”

पाहुणे गुजरातीत बोलू लागले, मित्र हिंदीत, दोन कॅडी मधे पडले. आप्पांनी भाच्याच्या हातातून बॉल घेतला. त्यापुढचं बोलणं तिथल्या प्रत्येकानं जवळजवळ शब्दशः सांगितलं, म्हणून देते.

“तू मारलास तेव्हा मी दिसत होतो?”

“दिसत होतात. पण तिथवर जातच नाही माझा...”

“दिसत होतो. ओरडलास?”

“नाही.”

“बस. एवढंच आहे ते. त्याला ‘पण’ जोडू नकोस. पुन्हा असं कुणाच्याही मागून मारू नकोस.” यजमान ‘नाही आप्पा’ म्हणाला. आप्पांनी बॉल त्याला दिला. “आता दुसरं. तिसऱ्यावर तुम्हाला पुढे काढायला हवं होतं. काढलं नाही, ते आमचं चुकलं. तुम्हाला कुठे पोचायचंय?”

“साडेबाराला जेवण आहे. पाहुणे आहेत बरोबर.”

“मग आमच्या आधी मारा तुम्ही.”

मग पाहुण्यांकडे वळून, बडोद्यात सत्तर वर्षं राहिलेल्या माणसाच्या सहज गुजरातीत: “तमे आगळ नीकळी जाओ, भाई. अमने उतावळ नथी.” (तुम्ही पुढे निघा, आम्हाला घाई नाही.)

मागचे चौघे आधी खेळले. जाताना यजमान आप्पांच्या पाया पडला, असं दोन-तीन जण सांगतात. तो स्वतः ते सांगायला संकोचतो.

माझं मत

आप्पांनी केलेल्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि गर्दीच्या कोर्सवर खेळणाऱ्या प्रत्येकानं तो उचलावा असं मला मनापासून वाटतं. त्यांनी दोन प्रश्न सोडवून वेगळे केले आणि क्रम लावला. बॉल मारण्याचा प्रश्न आधी, आणि एकटा. ‘तुम्ही हळू होतात’ हे त्याचं उत्तर होऊच शकत नाही. पुढचा गट कितीही संथ असो, उद्धट असो, मुद्दाम अडवत असो, पुढची माणसं टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मारायचं नाही. आणि टप्पा म्हणजे आपला रोजचा शॉट नव्हे. आयुष्यात सगळ्यांत लांब गेलेला शॉट, त्यात कोरडी जमीन आणि पाठचा वारा मिळवून. ‘माझा तिथवर जात नाही’ हे वाक्य अशा प्रत्येक घटनेनंतर ऐकू येतं. ज्या दिवशी जातो त्याच दिवशी ते ऐकायची वेळ येते.

यजमान मोकळा माणूस होता, त्यानं लगेच कबूल केलं. समोरचा अरेरावी करणारा असता तर? तेव्हाही बॉल परत मारायचा नाही, फेकायचा नाही, हातात क्लब घेऊन चालत जायचं नाही. गट कोणता, होल कोणता, वेळ काय, बॉलवरची खूण काय, हे टिपायचं, कॅडीला साक्षीला ठेवायचं आणि तिथल्या तिथे स्टार्टरला फोन करायचा. दुसऱ्यांदा बॉल आला तर खेळ थांबवून बाजूला व्हायचं आणि क्लबाकडून माणूस येईपर्यंत हलायचं नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत मवाळपणाला मी काडीचीही किंमत देत नाही.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र माझं आणि आप्पांचं एकमत नाही. सहाव्याच्या टीवर पुढे दोन गट अडकलेले असताना मागच्यांना पुढे काढल्यानं रांग एका मिनिटानंही हलली नाही. फक्त दोन गटांनी जागा बदलल्या: यजमानाला अकरा मिनिटं मिळाली, आप्पांची अकरा गेली, आणि त्यांच्या मागच्या गटानं पाहिलं की पाचव्यावर बॉल मारणाऱ्याला सहाव्यावर वाट मिळते. हे शेवटचं मला खुपतं. मी आप्पांना तसं बोलले. ते म्हणाले, “कोर्सला काय द्यायचं ते तुम्ही बघा. मी तिसऱ्याचं देणं फेडलं.” लग्नाला चाललेल्या माणसासाठी, एका शेजाऱ्यानं दुसऱ्यासाठी केलेली गोष्ट म्हणून ती चांगलीच आहे. रिवाज म्हणून मी ती पुढे करणार नाही.

सहाव्यावर त्याहून उपयोगी एक रीत आहे. पुढचा गट ग्रीनपाशी पोचला की त्यानं बॉलच्या जागी खूण ठेवून बॉल उचलायचा, बाजूला उभं राहायचं आणि मागच्यांना टीवरून मारायची खूण करायची. मागच्यांचे बॉल पडले की पुढच्यांनी पट करायचे. तोवर मागचे चालत येतात. चालणं आणि पट करणं एकाच वेळी झाल्यानं दर गटामागे दोन-तीन मिनिटं वाचतात. सगळ्यांनी केलं तरच फायदा होतो, एकट्यानं करून नाही.

आता कॅडींचं. या प्रकरणात चुकण्याआधी दोनदा कुणाला तरी बरोबर दिसलं होतं, आणि दोन्ही वेळा तो कॅडी होता. एकाला तिसऱ्यावर पडलेलं अंतर दिसलं, पण तो बोलला नाही. दुसऱ्याला पाचव्यावर माणसं दिसली, तो बोलला, हात आडवा केला, आणि त्याचं ऐकलं गेलं नाही. एक काळ असा होता की आपल्याकडे लांब होलवर आगेवाला पाठवत. बॉल कुठे पडतो हे बघणं आणि पुढे माणसं असली तर थोपवणं हे त्याचं काम. आगेवाले गेले, पण दिसतं अजूनही कॅडींनाच. रोज हाच कोर्स पायाखाली घालणाऱ्या माणसाला बोलायची मुभा नाही आणि महिन्यातून दोनदा येणाऱ्याला आहे, हे मला सहन होत नाही.

पुढे काय झालं

समितीनं कुणालाही निलंबित केलं नाही. यजमानानं लेखी माफी दिली, भाच्यानंही बॉल उचलल्याबद्दल दिली. खरे बदल बाकीच्या गोष्टींत झाले.

गट आता दहा मिनिटांनी सुटतात आणि दर चार गटांनंतर एक जागा रिकामी ठेवली जाते. दहा मिनिटांनीही सहाव्यावर दर गटामागे एक मिनिट साचतंच. चौथ्या गटापर्यंत ते तीन मिनिटांवर येतं आणि रिकामी जागा ते पुसून टाकते. किंमत मोठी आहे: दोन तासांत पंधरा गट सुटायचे, आता दहा. ज्यांना वेळ मिळत नाही ते माझ्याच टेबलाशी येऊन बोलतात, आणि त्यांचं दुःख खोटं नाही. पण पंधरा सोडले तरी सहाव्यातून ते त्याच गतीनं बाहेर पडायचे.

कॅडींसाठी एक साधा ठराव झाला. कॅडीनं हात आडवा केला की खेळाडूनं मारायचं नाही. मारला तर तक्रार कॅडीची धरली जाईल आणि त्याच्या शब्दाला खेळाडूच्या शब्दाइतकंच वजन असेल. पुढे होल रिकामा पडला की कॅडीनं मोठ्यानं ‘गॅप’ म्हणायचं. पहिल्या रविवारी दोघा-तिघांनीच म्हटलं. आता बरेच म्हणतात, आणि खेळाडू बहुतेक वेळा मुकाट्यानं पावलं उचलतात.

हरवलेल्या बॉलसाठी २०१९ पासून क्लबांना एक स्थानिक नियम लावता येतो: उलटं टीपर्यंत न जाता दोन शॉटांचा दंड घेऊन फेअरवेच्या कडेला ड्रॉप घ्यायचा, म्हणजे बॉल हातातून खाली सोडून तिथून खेळायचं. स्पर्धा सोडून एरवीच्या खेळाला तो आम्ही लावला. गांडो बावळमधून टीपर्यंतची ती उलटी पायपीट त्यामुळे थांबली.

एक प्रस्ताव आणखी आला होता: रविवारी नवशिक्यांना आणि सत्तरीपुढच्यांना साडेदहानंतरच सोडावं. मी त्याला विरोध केला आणि तो पडला. त्या रविवारी सगळ्यांत नवी खेळाडू होती तिनंच बॉल उचलून अंतर भरून काढलं. आप्पा दीडशे मीटर मारतात पण सरळ मारतात. त्यांचा बॉल शोधायला कुणी झुडपात शिरत नाही. वेळ गेला तो मधल्या वयाच्या, लांब आणि वाकडं मारणाऱ्या, प्रोव्हिजनल न मारणाऱ्या खेळाडूमुळे, आणि तसे आमच्याकडे सकाळी सातपासून असतात.